कोंबडी देऊन आणलेली सवत

बानाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक जाड, हिरवट नाणं होतं आणि ते नाणं म्हणजे तिची सवत होती. हे तिला लग्नाच्या मांडवातच सांगण्यात आलं. तिचं वय सोळा, अंगावरची हळद अजून ओली. अक्षता पडायच्या आधी सासूनं, म्हणजे वच्छलाबाईनं, तो दोरा तिच्या गळ्यात अडकवला आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही मनकर्णा. तुझी थोरली. आजपून हिला दिल्याबिगर तू तोंडात घास घालायचा नाय."

रीत अशी, की पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात वागवायचा. टाक म्हणजे सोनारानं ठोकून दिलेला चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर मेलेलीची आकृती उठवलेली. मेलेलीचा जीव नवऱ्यात अडकलेला असतो, तिचा मान राखला नाही तर ती दुसरीचा संसार धड होऊ देत नाही, असं मानतात. नवऱ्यानं मात्र काहीच वागवायचं नसतं. बायको त्याची, जीव त्याच्यात अडकलेला आणि ओझं दुसरीच्या मानेला. रीती बांधणाऱ्यांचं डोकं अशा बाबतीत फार तल्लख चालतं.

बानाबाईचा बाप वैजापूरकडचा मेंढपाळ. पदरात चार पोरी, पण रीतीला पक्का. "बिजवराला पोरगी देतो, पण सवतीचा टाक गळ्यात पडल्याबिगर बोहल्यावर चढू देणार नाय," असं त्यानं सुपारी फोडतानाच ठणकावलं होतं. पोरीला पुढं त्रास नको, एवढाच त्याचा हेतू. त्याच काळजीनं पोरीच्या गळ्यात धोंडा बांधला, पण हे कळायला बिचारा पुढं जगला नाही.

नवऱ्याचं, म्हणजे सोनाजीचं, घर पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून. तेव्हा तिथं प्लॉट पडले नव्हते. नुसता माळ होता आणि माळावर यांची सत्तर-ऐंशी मेंढरं. बानाबाई पहाटे उठायची, शेण काढायची, भाकरी थापायची आणि पहिल्या भाकरीचा पहिला तुकडा गळ्यातल्या बाईच्या तोंडाला लावून गाईला घालायची. मग हळद, मग कुंकू. दिवाळीला लुगडं आलं तर ते आधी नाण्यापुढं मांडायचं, मग अंगाला लावायचं. हे सगळं झालं की घरातल्या माणसांनी जेवायचं. त्यानंतर उरलं तर बानाबाईचं.

नाण्यावर एका बाईचा चेहरा होता, एका बाजूनं दिसणारा. लांब मान, सरळ नाक, केस मागं घेऊन घातलेला अंबाडा. भोवती कसलीतरी अक्षरं. डोक्याच्या वर कुणीतरी पूर्वीच भोक पाडलेलं. असला टाक बानाबाईनं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पाहिला नव्हता, पण सोळा वर्षांच्या पोरीनं विचारायचं कुणाला? वच्छलाबाईकडं उत्तर तयारच असायचं. "मनकर्णा अश्शी दिसायची. अंबाडा बी असाच. काय हात व्हता तिचा सैपाकाला! कवा उलट बोलली नाय. माहेरी गेली नि काविळीनं गेली माय माझी." मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण बानाबाईला पाठ होती. ती तोंडातल्या तोंडात म्हणायची आणि भाकर थापायची.

दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. नाव ठेवलं शीला. उन्हाळ्यात घामानं ते नाणं कळकायचं, त्याखालची कातडी हिरवी पडायची, तिथं बारीक फोड उठायचे. अंगावर पाजताना पोरीच्या गालाला ते टोचायचं. चार महिन्यांची शीला नाण्याला गाल लागला की किंचाळायची. म्हणून एके दिवशी बानाबाईनं दोरा सोडला आणि तो देव्हाऱ्यात ठेवून दिला. दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी शीलाला ताप भरला.

"काढलीस तिला?" वच्छलाबाईनं एवढंच विचारलं.

दवाखाना शहरात, तासाभराच्या वाटेवर. बानाबाई पोर पदराखाली घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. सासूनं दार अडवलं. "औषिदानं सवत उतरती व्हय? तिच्यापुढं नाक घास, मंग बघू." पोर देव्हाऱ्यापुढं गोधडीवर ठेवली. शेजारी बानाबाईनं जमिनीवर नाक घासलं, सासू सांगेल तितक्या वेळा घासलं. कातडी सोलली, रक्त आलं. सोनाजी दारात बसून कात्रीला धार लावत होता. मेंढरं कातरायचे दिवस होते. बायकोनं त्याच्याकडं पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "आई म्हणती तसं कर." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला शीला गेली. जेवणं झाल्यावर तिला माळावर पुरून आले. तोवर बानाबाईच्या गळ्यात दोरा परत पडला होता. गाठ सासूनं स्वतः मारली, दुहेरी.

त्या दिवसापासून बानाबाईच्या मनात एक गोष्ट खिळ्यासारखी बसली, की पोरगी आपण मारली. दोन दिवस गळा मोकळा हवा होता ना, घे. पुढं बिभीषण झाला, तो वाचला, शिकला, वाळूजला एका कारखान्यात लागला आणि तिकडंच खोली करून राहिला. मेंढरं गेली. माळावर प्लॉट पडले, बंगले उठले. वच्छलाबाई म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली, तिचं हगणं-मुतणं बानाबाईनं दोन वर्षं काढलं. मरताना सासूनं सुनेचा हात धरला. बानाबाईला वाटलं, आता तरी चांगला शब्द बोलेल. म्हातारी म्हणाली, "दोरा काढू नको."

तिनं तो काढला नाही. रोज हळद लावायची आणि मनात त्या बाईला शिव्या घालायची. माझं लेकरू खाल्लंस, तुला मुक्ती न मिळो. हळदीचं बोट वर आणि शिवी आत, अशी तिची पूजा चौतीस वर्षं चालली.

तोपर्यंत ती तात्यासाहेबांकडं भांडी घासायला जाऊ लागली होती. तात्यासाहेब म्हणजे जुने जमीनदार. बँकेतली साहेबकी करून निवृत्त झालेले, पडेगावात बंगला बांधून बसलेले. त्यांना जुन्या नाण्यांचं वेड. मलिक अंबरच्या काळातला पैसा कुठं मिळाला की तीन दिवस जेवणाची शुद्ध नसायची. एकदा बानाबाई मोरीवर वाकली होती आणि तो दोरा पोलक्यातून बाहेर आला. तात्यासाहेब चहाची कपबशी ठेवायला आले होते. कपबशी तशीच हातात राहिली.

"बानाबाई, हे काय आहे?"

"सवत हाय तात्यासाहेब," ती राख लावता लावता म्हणाली.

त्यांनी तिला हात धुवायला लावले, खुर्चीवर बसवलं. छत्तीस वर्षांत तिला खुर्ची देणारे ते पहिलेच, आणि तीही नाण्याला उजेड नीट मिळावा म्हणून. भिंग लावून पुढून पाहिलं, पाठीमागून पाहिलं. मागं सिंहासनावर बसलेली कुणी देवी होती. आठ दिवस त्यांनी पुस्तकं उपसली, पुण्याच्या एका जाणकाराला फोटो धाडले, आणि मग सांगितलं.

"हा टाक नाही. हे रोमन नाणं आहे. काशाचं. रोमच्या बादशहाच्या हुकमतीत समुद्रापलीकडं बरीच शहरं होती. त्यांना आपापल्या बाजारापुरती नाणी पाडायची मुभा असायची, आणि त्यांवर कधी कधी बादशहाच्या घरातल्या बायकांचे चेहरे असत. ही फाउस्टिना, बादशहाची बायको. अठराशे वर्षांपूर्वीची. हे इकडं कसं आलं, देव जाणे. निजामाच्या फौजेत अरब होते, त्यांच्यापैकी कुणी आणलं असेल." मग त्यांचा आवाज एकदम दुखरा झाला. "पण तुम्ही नाक पार घासून काढलंत हो तिचं! रोज हळद लावून लावून!"

बानाबाईला नाकाचं काही वाटलं नाही. तिनं विचारलं, "हिला लेकरं व्हती?"

"तेरा-चौदा झाली म्हणतात. निम्म्याहून जास्त लहानपणीच गेली."

"मंग तिच्या गळ्यात कोण व्हती?"

 तात्यासाहेब हसले आणि नाण्याची नोंद लिहायला वळले. जाता जाता मात्र सहज बोलले, "तुमच्यात टाक सोनाराकडूनच घडवतात ना? दाराशी कडूबा सोनार असताना तुमच्या सासूनं असलं परदेशी नाणं का घातलं असेल?"

कडूबा सोनार अजून होता. पंच्याऐंशीच्या घरातला, दुकान मुलाच्या हाती देऊन ओट्यावर उन्हाला बसलेला. बानाबाई भांडी तशीच टाकून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कडूबामामा, मव्ह्या सवतीचा टाक तुम्ही काऊन केला नाय?"

म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिला ओळखलं. मग म्हणाला, "वच्छलाबाई आली व्हती माझ्याकडं. लगीन चार दिवसांवर आलतं. मी म्हणलं, बाई, मी परवाच्याला करमाडच्या बाजारात पाल टाकलं व्हतं. तिथं तुझी सून वांगे घेऊ राह्यली व्हती. जित्या माणसाचा टाक मी ठोकीत नसतो."

"जित्या?"

"व्हय. तीन साल लेकरू झालं नाय म्हणून हाकलली तिला. भावानं लाजंकाजं तिला घेऊन गाव सोडलं, करमाडला सालगडी राह्यला. तू नवी, तुझ्या बापाला जिती सवत चालली नसती. म्हणून मेली म्हणून सांगितलं."

"छत्तीस साल झाले मामा. तुम्ही बोलला काऊन नाय?"

"मला कुणी इचारलंच नाय," कडूबा म्हणाला. तो चांगला माणूस होता. लबाड काम त्यानं आयुष्यात केलं नाही, हे तो पुढंही सगळ्यांना सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी बानाबाई करमाडला गेली. पडेगावाहून स्टँड, स्टँडवरून जालन्याची गाडी. दीड तास. तिची सवत मेल्यापासून दीड तासाच्या वाटेवर राहत होती. विचारत विचारत शेत सापडलं. गोठ्याला लागून पत्र्याचा एक आडोसा होता, त्यात एक म्हातारी बाई सरक्या वेचत बसलेली. बसकं नाक, तोंडावर देवीचे वण, आणि अंबाडा घालायला डोक्यावर केस होतेच कुठं?

"मनकर्णाक्का ना? मी बाना. पडेगावची. सोनाजीची दुसरी."

म्हातारीनं सरक्या खाली ठेवल्या नाहीत. "काय काम?"

बानाबाईनं दोरा काढून तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. घास, हळद, लुगडं, सासूचं मरण, सगळं. मनकर्णाबाईनं नाणं उन्हात धरून पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता डोळ्यांना पाणी आलं. "ही मी? हिला तर नाकच नाय!"

मग ती थांबली. "पयला घास मपला?"

"रोज."

"सणाला पुरण?"

"आधी तुम्हाला. मंग देवाला."

"लुगडं बी नवं?"

"नवं."

मनकर्णाबाईनं आपल्या अंगावरच्या लुगड्याकडं पाहिलं. भावजयीचं जुनं, दोन ठिकाणी दंड घातलेलं. 

"मव्ही पोरगी गेली अक्का. मला वाटलं तुम्ही नेली. मी तुम्हाला रोज शिव्या दिल्या. हळद लावायची नि वाईट चिंतायची."

"रोज?"

"चौतीस साल."

"तरीच," मनकर्णाबाई म्हणाली. "तरीच मपलं काही धड झालं नाय. भावानं दुसरं घर बघून दिलं, तो माणूस लग्नाच्या आधीच मेला. गाय घेतली, गाय मेली. मला वाटायचं, कुणाचं मी काय वाईट केलं?" तिनं बानाबाईकडं असं पाहिलं, की बानाबाईला तिथून उठून पळावंसं वाटलं. बानाबाईचं लेकरू मनकर्णाबाईनं नेलं नव्हतं आणि मनकर्णाबाईची गाय बानाबाईच्या शिव्यांनी मेली नव्हती. पण हे दोघींना सांगणारं तिथं कुणी नव्हतं, आणि सांगून त्यांना पटलंही नसतं.

तरी बानाबाईनं शेवटचं विचारलं. "चला मव्ह्यासंगं. चार लोकांत तुम्हाला उभं करते. म्हणते, ही बघा मेलेली. त्यायचं तोंड बघायचंय मला."

"नगं. मेलेलीच राहू दे मला," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमच्या घरात मी मेले, तर पयला घास मपला. इथं जिती हाय, तर सगळ्यायचं झाल्यावर उरलंसुरलं. जिती होऊन काय करू?" नाणं तिनं कमरेला खोचलं आणि परत सरक्या वेचायला लागली. बानाबाईनं ते मागितलं नाही.

पुढं तात्यासाहेब या नाण्यासाठी गाडी काढून करमाडला गेले, तर मनकर्णाबाईनं ते विहिरीत टाकल्याचं सांगितलं. तात्यासाहेब विहिरीच्या काठावर डोकं धरून बसले. शीलाची गोष्ट बानाबाईनं त्यांना सांगितली होती तेव्हा ते 'अरेरे' म्हणाले होते. नाण्यासाठी मात्र ते खरोखर रडले.

बानाबाई करमाडहून परतली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सोनाजी ओट्यावर बसला होता. दुपारची भाकर नाही, चहा नाही, म्हणून तापलेला.

"कुठं गेली व्हतीस?"

"करमाडला."

सोनाजीचा चेहरा उतरला. तिच्या मोकळ्या गळ्याकडं त्याचं लक्ष गेलं. छातीवर फक्त नाण्याएवढा हिरवा डाग होता. तो खाली बघायला लागला आणि बोलूनही गेला, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आईनं शहागंजात चटईवर जुन्यापान्या वस्तू विकणाऱ्या एकाला कोंबडी दिली आणि ते नाणं आणलं. लगीन मोडू नये म्हणून. "आईपुढं माझं काय चालत व्हतं?"

"आईचं जाऊ द्या. शीलाला ताप भरला, मी नाक घासू राह्यले व्हते, तुम्ही दारात बसले व्हते. तुम्हाला ठाव व्हतं, सवत जिती हाय. कोणी कोपलं नाय, काही नाय. नुसता ताप हाय. एका शब्दाचं काम व्हतं. बोलला काऊन नाय?"

सोनाजीनं विडी काढली, काडी ओढली. "झालं ते झालं. तशी बी पोरगीच व्हती," तो म्हणाला.

बानाबाई ओट्याच्या दगडापाशी बसली. आधी डाव्या हाताच्या बांगड्या तिनं दगडावर फोडल्या, मग उजव्या. मंगळसूत्र तोडून मणी अंगणात फेकले. पदरानं कपाळ पुसलं. शेजारणी धावत आल्या आणि जागच्या जागी थिजल्या, कारण सोनाजी समोर विडी ओढत बसला होता. "अगं बाने, कोण गेलं?" एकीनं विचारलं. बानाबाईनं नवऱ्याकडं बोट केलं. "हे. चार महिन्यांची शीला गेली, तवाच गेले. मला आज कळलं."

वाळूजहून बिभीषण आला. आईच्या पाया पडला, मग रागावला. "आई, लोक तोंडात शेण घालायलेत. बापाला जित्तेपणी मारतेस? सोयरीक कोण करील आपल्या घरात?" ती त्याच्याशी भांडली नाही. त्याला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तुझा बाप तुला पाहिजे तर घेऊन जा वाळूजला." बिभीषणानं नेला नाही. त्याची खोली लहान होती.

पुढची दोन वर्षं सोनाजी त्याच ओट्यावर राहिला. त्याला दोन वेळची भाकर मिळायची, ताट रोज त्याच्यापुढं सरकवलं जायचं. पण बानाबाई त्याच्याशी बोलली नाही. त्यानं हाक मारली तरी वळून पाहिलं नाही. पाणी मागितलं तर ते शेजारीण आणून द्यायची. पांढऱ्या कपाळानं बायको समोरून ये-जा करते, आणि गल्लीतलं जाणारं-येणारं माणूस ओट्यावरच्या जिवंत माणसाकडं पाहून मान फिरवतं. सुरुवातीला तो शिव्या द्यायचा. मग विनवण्या करायचा. "बाने, एकदा कुंकू लाव, मग मी मरतो," असं एकदा तो रडून म्हणाला. बानाबाई त्या वेळी तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली. हे क्रूर होतं का? होतं. तिला दुसरं काही शिकवलं कुणी होतं?

यंदा पौषात सोनाजी खरोखर मेला. भावकीतल्या बायका रीतीप्रमाणं जमल्या. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र उतरवायचं. बानाबाईला पाटावर बसवून त्यांनी तिचे हात पुढं ओढले. मनगटं मोकळी होती. कपाळ मोकळं होतं. गळ्यात काही नव्हतं. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या, काय काढावं ते कुणाला सुचेना.

बानाबाईनं हात सोडवून घेतले. "मव्हं दोन सालामागंच उरकलंय," ती म्हणाली. "तुम्हाला रडायचं असंल तर रडा. मला भांड्याला जायचंय, तात्यासाहेबांकडं पाव्हणे हायेत."

आणि ती गेली.